माझ्या बुडावरची दोन अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना मातीचा वाडगा आहे. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझा राग अजून उतरलेला नाही.

बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये परदेशातून आलेल्या मुलींचा, मातीची भांडी रंगवायचा एक क्लब होता. तिथे सोळा वर्षांच्या नुन्झियातानं मला रंगवलं. आधी काळी रेघ, मग रेघेच्या आत रंग. चार दिवस मान मोडून तिनं माझ्या काठावर बदकं काढली. क्लबच्या हॅडलीबाईंचा नियम होता, ज्यानं रंगवलं त्यानं बुडाला आपल्या नावाची दोन अक्षरं घालायची. तिनंही घातली.

मला मागवलं होतं व्हिटकोंबबाईंनी. मी भट्टीतून निघालो आणि त्यांनी फर्मान सोडलं, खाली कुणाचं नाव नको. चर्चच्या प्रदर्शनात मला त्या आपल्या मुलीची कला म्हणून मांडणार होत्या! मुलीनं जन्मात कुंचला धरला नव्हता.

हॅडलीबाई खाली बघत म्हणाल्या, "नुन्झियाता, ही भट्टी त्यांनीच दिलीय. अडून बसू नकोस."

"मग त्यांनीच रंगवायचं होतं, बाई."

मग हॅडलीबाईंनी स्वतःच दगड घेऊन अक्षरं जाईपर्यंत माझं बूड घासलं. नियम करणाऱ्याच हातांनी! त्यांना मी कधीच माफ करणार नाही.

त्याच संध्याकाळी नुन्झियाताची आई लेकीला न्यायला आली. दिवसभर लोकांचे कपडे धुणारी बाई, वाचता अजिबात येत नव्हतं. फक्त लेकीची ती दोन अक्षरं तेवढी ओळखायची. फळीवरचं एकेक भांडं उलटं करून ती शोधत होती. माझ्या खरखरीत बुडावरून तिनं अंगठा फिरवला.

"बदकं काय सुरेख काढलीत गं. तुझा नाही होय हा?"

हॅडलीबाई दारातच उभ्या होत्या. नुन्झियातानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"नाही, मा," ती म्हणाली.

आईनं मला परत ठेवलं. नुन्झियाता पुन्हा क्लबात आली नाही.

प्रदर्शनात मला बक्षीस मिळालं. व्हिटकोंबबाईंच्या घरी माझं भारी कौतुक झालं. पण त्यांच्या चकचकीत टेबलावर मला ठेवलं की ओरखडा उठायचा. कितीदा पॉलिश केलं, कितीदा मोलकरणीला बोल लावला! मी मात्र माझं खरखरीत बूड जमेल तेवढं घासत राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मला जपायचं तर जपा. पण माझ्या खाली मऊ कापड घालू नका.