लायदीच्या नावातला गहू

शांग लायदीला आपलं नाव कुणी चारचौघांत घेतलेलं खपत नसे. लाय म्हणजे ये, दी म्हणजे धाकटा भाऊ. पहिली मुलगी झाली आणि आईबापांनी तिच्याच नावातून मुलाला हाक घालून ठेवली. हाक लागूही पडली. दोन वर्षांनी हायबिन झाला. तिकडे चीनमधल्या खेड्यांत अशा नावाच्या मुली ढिगानं. तिच्या वर्गातच तिघी लायदी होत्या. मास्तर त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायचे. ही मधली.

सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर ती ज्येष्ठांच्या शाळेत कुंचल्यानं अक्षरं काढायला जाऊ लागली. एक दिवस यिन गुरुजी म्हणाले, "आज प्रत्येकाच्या नावाचं सगळ्यात जुनं रूप काढून देतो. पूर्वी कासवाच्या कवचावर नि हाडांवर कोरायचे, तसं."

लायदीची पाळी आली तशी ती म्हणाली, "माझं राहू द्या, गुरुजी. त्यात बघण्यासारखं काय आहे? भावाला मारलेली हाक!"

"दी बाजूला ठेवा. लाय बघा." गुरुजींनी एक उभा दांडा ओढला, दोन्ही अंगांना लवलेली पानं काढली, वर ओंबी, खाली मुळं. "हा गहू आहे. फार पूर्वी गव्हाचा नि 'ये'चा उच्चार जवळजवळ सारखा होता. 'ये'चं चित्र कसं काढणार? म्हणून गव्हाचं उसनं घेतलं, ते परत दिलंच नाही. शेवटी गव्हालाच खाली एक पाऊल जोडून दुसरं अक्षर करावं लागलं."

"म्हणजे मूळ घरमालकच बाहेर!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. लायदी हसली नाही. तिनं कागद वाळवला, जपून घरी आणला.

आई लसूण सोलत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं कागदाकडे पाहिलं.

"गहू काढलास होय? पानं बरी जमलीत. ओंबी मात्र कुपोषित आहे."

"आई, हे माझं नाव आहे."

आईचा हात थांबला. लायदीनं सगळं सांगितलं, आणि मग विचारलं, "नाव ठेवताना तुम्हा दोघांना हे ठाऊक होतं?"

"कुठलं ठाऊक? खोटं कशाला बोलू? आम्हाला मुलगाच हवा होता. तू झालीस तर तुझी आजी माझ्याशी धड बोलेना. मीही रडले." आईनं पुढची पाकळी उचलली. "पण दूध भरपूर आलं. तू अशी ओढून प्यायचीस की रडायला उसंत मिळेना."

आईनं गोड खोटं सांगितलं असतं तर लायदीला राग आला असता. खरं ऐकून मात्र राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

रविवारी हायबिन आला. ती म्हणाली, "मी नावातला दी काढून टाकणार. नुसती शांग लाय."

"वा, ताई! बोलावून घेतलंस, आता हाकलतेस?"

"नावातून जा. जेवायला येत जा."

तो हसला, मग वाडग्यातल्या शेवया उगाच ढवळत राहिला. "शाळेत मला पोरं कुत्र्याला बोलावतात तसं यूयू करायची. हाक मारली की येतो, म्हणायची. मी तरी कुठं मागून घेतलं होतं?"

"हे कधी बोलला नाहीस."

"तुझं नाव माझ्यामुळं पडलं. तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं रडू?"

तिकडे नावांची नोंद पोलिसांकडे असते; दुसऱ्या दिवशी त्यानंच तिला स्कूटरवरून पोलीस ठाण्यात नेलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, या वयात कशाला? पेन्शन, बँक, दवाखाना, सगळीकडे बदलत बसावं लागेल. कारण काय लिहू?"

"लिही, भाऊ पोचला."

मुलगी खळखळून हसली. हायबिन हेल्मेट पोटाशी धरून मागं उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

अख्खा उन्हाळा खेटे घालण्यात गेला. प्रत्येक खेपेला स्कूटर हायबिनचीच. नवं ओळखपत्र आलं त्या दिवशी लायनं ते आईच्या हातात ठेवलं. आईनं फोटो निरखला, बोट अक्षरांवरून फिरवलं.

"छान. पण माझ्या जिभेला हे वळायचं नाही हं, लायदी."

"नाही वळलं तर नाही," लाय म्हणाली, आणि गव्हाचं पीठ मळायला घेतलं.