फेडर खाली, आवाज हजर

डेट्रॉइटच्या पूर्व भागातल्या त्या जुन्या गोदामात रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्रावरचा ठेका छातीत धडधडत होता आणि आवाज मिसळायच्या मिक्सरमागे पांढऱ्या सुटातला ब्रदर कॅशियस डोळे मिटून डोलत होता. मग त्याने सगळ्यांना दिसेल असा गाण्याच्या आवाजाचा फेडर, आवाज कमी-जास्त करायची ती सरकपट्टी, तळापर्यंत खाली ओढला.

"बघून घ्या. गाणारीचं दार मी लावलं. आता जी येईल, ती वरून येईल."

आणि ती आली. ठेक्याच्या मागून, फार लांबून, एका बाईचा गळा तरंगत आला. लोक हात वर करून आमेन म्हणू लागले. पहिल्या रांगेतल्या अर्नेस्टीनबाई हुंदके देत म्हणाल्या, "व्हॅलेन्सिया. माझी पोर."

शेजारी बसलेल्या ओडेसाला, त्यांच्या धाकट्या लेकीला, रडू नाही, संताप आला. थोरली व्हॅलेन्सिया गेल्या वर्षी अपघातात गेली. दोघी बहिणींची गाणी एकेकाळी हा कॅशियसच ठेक्यात मिसळून द्यायचा. ती चालली नाहीत, तेव्हा गड्याने देव गाठला.

"सुई सोडा, सूर धरा!" कॅशियस गरजला. "तुमची मुलगी तुमचं रक्त धुतेय!"

या आठवड्यात अर्नेस्टीनबाई डायलिसिसला गेल्याच नव्हत्या. सुजलेले पाय बुटात मावत नव्हते, म्हणून सपाता घालून आल्या होत्या.

"आई, आत्ता चल. असंच चाललं तर मरशील."

"मला माझी मुलगी बरं करतेय."

"मुलगी मीपण आहे."

"तुझा गळा म्हणजे फुटका पत्रा. तू शाळेतल्या पोरांनाच गाणं शिकव."

आवाज पुन्हा आला. या वेळी एका शब्दाच्या मधेच तो तुटला, एक श्वास ऐकू आला आणि तो पुढे गेला. ओडेसा ताठ झाली. तो श्वास तिचा होता. व्हॅलेन्सियाला चाल कळावी म्हणून कॅशियसच्या तळघरात तिने ते गाणं सर्दीने चोंदलेल्या नाकाने गाऊन रेकॉर्ड करून ठेवलं होतं. व्हॅलेन्सियाची सगळी गाणी आईला पाठ होती. हे मात्र आईने कधी ऐकलंच नव्हतं, म्हणूनच कॅशियसने ते निवडलं होतं.

ती उठून मिक्सरपाशी गेली.

"सिस्टर, ही जागा पवित्र आहे," कॅशियस म्हणाला.

"मग घाम कशाला फुटलाय तुला?"

तिने फेडर वर सरकवला. लांबचा आवाज एकदम कानाशी आला, कोरडा आणि नाकातला. ओळ संपली, मोठी शिंक आली, आणि पाठोपाठ सगळ्या गोदामात त्याच रेकॉर्डिंगमधला कॅशियसचा आवाज घुमला: "ओडेसा, नाक शिंकर आणि परत घे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कॅशियसने ठेका बंद केला.

"नीट ऐका," ओडेसा म्हणाली. "हा फेडर फक्त मूळ आवाज बंद करतो. घुमाऱ्याकडे, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या यंत्राकडे, जाणारा फाटा याने फेडरच्या आधीच काढलाय. म्हणून फेडर पाडला तरी घुमारा उरतो, आणि लांबून कुणी गातंय असं वाटतं. ओळ संपली की घुमाऱ्याचं हे बटण पिळून बंद करायचं, म्हणजे शिंक कुणाला ऐकू येत नाही. नवशिक्याकडून चुकून असं झालं, तर सगळे त्याला हसतात. याने त्या चुकीचा देव केला."

"तो खाली कर," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या.

"आई?"

"फेडर खाली कर. तसाच बरा होता."

"खाली केला तरी मीच आहे गं."

लोक पायांकडे बघत बाहेर पडले. दुःखाने माणूस आंधळा होतो, हे खरं. पण मेलेल्याचा आवाज विकणाऱ्याला "सगळी बटणं दाखव" एवढंच म्हणायचं असतं. गोदामभर माणसांत ते एकालाही सुचलं नाही, आणि एक बाई त्यापायी मरायला निघाली होती.

ओडेसा आईला गाडीत घालून थेट इस्पितळाकडे निघाली.

"व्हॅलेन्सिया कधी शब्दाच्या मधे श्वास घ्यायची नाही," अर्नेस्टीनबाई वाटेत म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं."

ओडेसाने गाडीचा वेग वाढवला.