पिवळ्या बंड्या

लोथारला दिसेनासं झालं त्यानंतरचे दोन हिवाळे ते डोंगरावर गेलेच नाहीत. फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुट्टी लागली, की अर्धं ग्राझ शहर गाड्यांच्या टपावर स्की बांधून बाहेर पडायचं. त्याची बायको गुड्रुन घाईघाईने खिडकीचा पडदा ओढायची आणि मग तिचं तिलाच कळायचं, की पडदा ओढून उपयोग काय? गाड्यांचे आवाज लोथारला ऐकू येतच होते.

यंदा मात्र लेकीने हट्ट धरला. रोझाली सतरा वर्षांची, बापाच्याच वळणावर गेलेली.

"लॉजवाल्या मोझरबाईंना फोन करून टाकलाय मी. आपलीच खोली मिळालीय. बाबा, आता नाही म्हणायचं नाही."

"मी तिथे येऊन करू काय? बर्फ मोजू?"

"आई वीस वर्षं काय करतेय तिथे? तेच कर."

गुड्रुन हसली, पण ते खरंच होतं. ती सपाटीवरची, द्राक्षमळ्यांच्या गावातली पोर. लग्नाआधी लोथार तिला पहिल्यांदा डोंगरावर घेऊन गेला आणि पहिल्याच सकाळी ती पडून मनगट मोडून बसली. त्यानंतर तिने स्कीला पाय लावला नाही. दर वर्षी ती उताराच्या पायथ्याशी असलेल्या खानावळीच्या लाकडी ओट्यावर उन्हात बसे. मांडीवर घोंगडी, हातात विणकाम. लोथार सकाळी नऊला वर जायचा. दुपारी अर्धा तास खाली येऊन सूप घशाखाली ओतायचा आणि पुन्हा निघायचा. वरून उतरणाऱ्या शेकडो ठिपक्यांतला आपला ठिपका कोणता, हे तिला वळणाच्या लयीवरून कळायचं. तिने कधी कुरकुर केली नाही. पण सूप संपवून, स्की खांद्यावर टाकून तो पाठमोरा झाला, की तिच्या आत काहीतरी ताणलं जायचं. वीस वर्षांत त्याची तिला सवय झाली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी ते पोचले. मोझरबाईंनी दारातच लोथारला कवटाळलं आणि मग त्याला हातभर लांब धरून न्याहाळलं.

"काय हे पोट! आरशात दिसत नाही, मान्य. पण पट्ट्याची भोकं तरी मोजायचीत!"

गुड्रुनने चटकन लोथारकडे पाहिलं. घरी अशी थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. लोथार मात्र खदखदून हसला. "तुमच्या हातचे पिठाचे गोळे खाऊन वाढलंय ते. तीन वर्षांपूर्वीचंच आहे, अजून उतरलं नाही."

सामान लावताना गुड्रुनने उन्हाचं मलम शोधायला रोझालीची बॅग उघडली. तळाशी दोन पिवळ्या बंड्या होत्या. दोन्हींवर तीन मोठे काळे ठिपके होते. एकीवर 'अंध' आणि दुसरीवर 'मार्गदर्शक' असं लिहिलेलं होतं. शेजारी शिरस्त्राणात बसवायचे दोन छोटे फोन होते. ती बघतच राहिली. मागे रोझाली येऊन उभी होती.

"दर शनिवारी मी व्हॉलीबॉलला जात नव्हते," रोझाली हळूच म्हणाली. "अंधांचं एक स्की मंडळ आहे. त्यांच्याकडे शिकत होते. साठ वर्षांच्या एका काकांना मी अकरा वेळा खाली आणलंय, आई. त्यांना तर जन्मापासून दिसत नाही."

"बाबाला बोललीस?"

"उद्या सकाळी बोलणार होते."

"नको." गुड्रुनने बंड्या छातीशी धरल्या होत्या. "पाय मोडून बसला तर? आधीच काय कमी सोसलंय त्याने? मी सांगते त्याला. वेळ बघून सांगते."

रोझालीने नाइलाजाने मान डोलावली. बंड्या गुड्रुनच्या बॅगेत गेल्या.

रविवारी सकाळी लोथार तिच्याशेजारी ओट्यावर बसला. घोंगडी दोघांच्या मांडीवर पसरली होती. रोझाली एकटीच वर गेली. आणि गुड्रुनला, कबूल करायला कठीण होतं, पण सुख झालं. नऊ वाजले, दहा वाजले, बारा वाजले, तरी तो तिथेच होता. सूप निवांतपणे भुरकत होता. तिने त्याला शेजारच्या टेबलावरच्या बाईची फरची टोपी वर्णन करून सांगितली. "मेलेलं मांजर डोक्यावर घेऊन बसलीय," ती कुजबुजली. त्याने मोठ्याने विचारलं, "रंग कुठला?" आणि दोघं लहान मुलांसारखी तोंड दाबून हसली. त्याने लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. वीस वर्षांत त्याला त्या सांगायला सवड झाली नव्हती. सोमवार तसाच गेला. मंगळवारी त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकून डुलकीही काढली. संध्याकाळी रोझाली आईकडे नुसती बघायची. गुड्रुन नजर चुकवायची आणि मनाशी म्हणायची, उद्या सांगू.

पण दुसरीही एक गोष्ट तिला दिसत होती. वरून कुणी वेगाने उतरत आलं आणि बर्फ खरवडल्याचा आवाज झाला, की लोथार बोलता बोलता थांबायचा. घोंगडीखाली त्याचे गुडघे आपोआप वाकायचे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "हा घाबरतोय," तो म्हणायचा. "टाचेवर भार टाकतोय. ऐक." ती ऐकायची, पण तिला काही कळायचं नाही. मग तो पुढे बोलायचा, मात्र आधी काय बोलत होता ते विसरलेलं असायचं.

मंगळवारी रात्रभर पडलेला बर्फ बुधवारी सकाळी कोरडा, भुसभुशीत होता. ओट्याच्या कठड्यावरचा मूठभर बर्फ लोथारने हातात घेतला, दाबला. त्याचा गोळा होईना.

"असा बर्फ दहा वर्षांत एकदा पडतो," तो म्हणाला.

"गुड्रुन, तुला हसू येईल. मी रोज झोपेत उतरतो. कालही उतरलो. झोपेत सगळं दिसतं मला." त्याने हात घोंगडीला पुसला. "आता दिसायला नकोय. नुसता पायाखाली यावा एकदा. विसरलो तर नाही ना, एवढंच कळावं."

त्याचा चेहरा उताराकडे होता. ती ज्या चेहऱ्याने वीस वर्षं तिकडे बघत आली होती, तोच चेहरा तिला त्याच्या मानेवर दिसला. तिच्या हातातली सुई थांबली.

"माझ्या बॅगेत दोन पिवळ्या बंड्या आहेत," ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. शनिवार, व्हॉलीबॉल, अकरा वेळा खाली आलेले काका.

"कधीपासून आहेत तुझ्याकडे?"

"आल्या दिवसापासून."

"म्हणजे चार दिवस. भीती वाटली तुला?"

हो म्हणणं सोपं होतं. तो स्वतःच वाट काढून देत होता.

"भीती होतीच. पण खरं कारण ते नाही. तू इथे बसला होतास, लोथार. माझ्याजवळ. मला ते हवं होतं."

वाढपी येऊन रिकाम्या थाळ्या घेऊन गेला. लोथारने टेबलावर चाचपत तिचा हात शोधला आणि तो दुखेल इतका घट्ट धरला.

"पुन्हा असं करू नकोस. माझे डोळे गेलेत, तोंड शाबूत आहे. मला विचारायचं." मग त्याची पकड सैल झाली. "मलाही बरं वाटलं या दिवसांत. खोटं नाही सांगत. तरी आण त्या बंड्या."

ती बर्फातून धावत लॉजवर गेली. दोनदा घसरली.

त्या दुपारी लोथारसाठी स्की भाड्याने घेऊन लहान मुलांच्या उतारावर बापलेक उतरले. रोझाली पुढे होती आणि तिचा आवाज त्याच्या कानात. "डावी... आणि उजवी... सोड, सोड, सोड... थांब." लोथार आधी लाकडासारखा ताठ होता. तिसऱ्या वळणावर तो आडवा झाला. गुड्रुन उभी राहिली, पण तो बर्फात बसल्या बसल्या ओरडला, "डावी म्हणालीस की आडवी?" पुढच्या खेपेला त्याचे खांदे सुटले. चिमुरडी पोरं त्याला मागे टाकून भराभर पुढे गेली, तरी त्याला फिकीर नव्हती. खाली येऊन तो हाश्शहुश्श करत हसला, लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल, अजून एकदा." ओट्याकडे त्याने तोंडही वळवलं नाही. गुड्रुनच्या आत ते जुनं ताणणं पुन्हा सुरू झालं.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, ते दोघं शिखरावरून उतरणार होते. गुड्रुनने विणकाम लॉजवरच ठेवलं आणि चालणाऱ्यांचं तिकीट काढून रोपवेच्या डब्यात त्यांच्यासोबत बसली. रोझालीने सरकून जागा दिली.

वर वारा चावत होता. लोथारने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने हवेत दाखवायला लागला. "तिकडे रांग आहे, करवतीसारखी. तिच्या मागे एक एकटा सुळका, या वेळी गुलाबी होतो. दिसतोय?"

सुळक्याच्या जागी नुसतं पांढरं होतं.

"रांग दिसतेय," ती म्हणाली. "सुळका नाही. ढग आलाय त्याच्यावर."

"असतो अधूनमधून." त्याने तिच्या गालाला हातमोजा लावला. "रांग कशी आहे आज?"

"निळी. घडी घातलेल्या चादरीसारखी."

"निळी," तो म्हणाला. मग रोझालीने हाक मारली आणि तो गेला. दोन पिवळे ठिपके कड्याच्या आड दिसेनासे झाले. "डावी... आणि उजवी..." एवढं थोडा वेळ वाऱ्यावर येत राहिलं, मग तेही थांबलं. ती तिथेच उभी होती, बोटं बधिर होईपर्यंत.

उतरताना डब्यात ती एकटीच होती. खाली दार उघडलं, तेव्हा बापलेक तिच्या आधीच पोचलेले होते. रोझाली दूर चहाच्या रांगेत उभी होती. लोथार स्की भिंतीला टेकवून, घामेजल्या केसांनी, भलत्याच दाराकडे तोंड करून उभा होता. तिथून कुणी बाहेर पडलं, की मान किंचित वाकडी करून पावलं ऐकत होता. ही नाही. ही पण नाही.

गुड्रुन दहा पावलांवर होती. तिने लगेच हाक मारली नाही. त्याला आपली वाट बघताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आणखी दोन डबे आले, रिकामे झाले. मग ती पुढे झाली आणि तिच्या बुटांचा आवाज ऐकून त्याने मान वळवली.

"किती वेळ लावलास," लोथार म्हणाला.