वजा केलेल्या कंपन्या

लाईट आली आणि कूलरची मोटर खर्रकन सुरू झाली. तरी रत्नाकर सरांनी मान वर केली नाही. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यांच्या मांडीवर होतं. शेवटचं पान ते पुन्हा वाचत होते.

सर माझे गाईड. रायपूरच्या एका खासगी विद्यापीठात वित्त शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले. मी त्यांच्याच विभागात, कच्च्या नोकरीवर. सरांचं सगळं नाव एका संशोधनावर उभं आहे: छोट्या कंपन्यांचे शेअर दीर्घकाळ धरून ठेवले, तर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त परतावा मिळतो. विद्यार्थी त्याला ‘सरांचा नियम’ म्हणतात. पंडरी बाजारातले कापडवालेसुद्धा त्यांना भाषणाला बोलावतात. ब्राह्मणपाऱ्यातलं आपलं घर सोडून कुणा विद्यार्थ्याकडे न जाणारे सर आज भर उन्हात गुढियारीत, आमच्या दोन खोल्यांत आले होते.

सासूबाईंनी चहा ठेवला. “सर, हिले सांगा जरा. पोट्टी झोपली की कॉम्प्युटर, पोट्टी उठली की कॉम्प्युटर. शेअरचा अभ्यास करून राहिली म्हणते, अन् घरात एक शेअर नाही.”

“हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, वहिनी.”

“खात नसन. पण त्याच्या घरी डब्बा तर असते.”

सर हसले. त्या आत गेल्यावर त्यांनी पानं खाली ठेवली.

“चेतना, हे कशाला उकरलंस?”

मी उकरायला गेलेच नव्हते. माझे बाबा उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. मिल छोटी, पण तिचे शेअर बाजारात होते, आणि बाबांना त्याचा भारी अभिमान. पेपरात भावाच्या पानावर तिचं नाव ते बोटानं शोधायचे. मिल बुडाली आणि त्याच पावसाळ्यात बाबाही गेले. गेल्या वर्षी सरांच्या आकड्यांवर काम करताना, बसमधून जाताना माहेरची गल्ली दिसते का म्हणून मान वळते ना, तसं सहज मी त्या मिलचं नाव शोधलं. नव्हतं. मग दुसरी एक बंद पडलेली कंपनी शोधली. तीही नव्हती. बुडालेली एकही कंपनी त्यात नव्हती.

सर फक्त आज बाजारात चालू असलेल्या कंपन्या घेत आणि तिथून वर्षं मोजत मागे जात. नापास पोरांची नावं पटावरून खोडायची आणि मग वर्गाची सरासरी काढायची, तसंच हे. माझ्या पोरीला, दीक्षाला, थोपटून झोपवायचं, तिचा हात माझ्या पदरातून हळूच सोडवायचा, आणि एक कंपनी परत घालायची. असं करत सगळ्या मेलेल्या कंपन्या मी हिशेबात आणल्या. सरांचा नियम टिकला नाही. तेच माझं चौथं प्रकरण.

“सुरुवातीला बंद कंपन्यांचे भाव मिळतच नव्हते,” सर म्हणाले. “नंतर मिळायला लागले. तोवर पुस्तक निघालं होतं, मी प्रोफेसर झालो होतो.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“शंका होती. तिच्याकडे बघायला मी कधी बसलो नाही.”

“लोकांनी पैसे लावले, सर.”

त्यांनी कप उचलून पुन्हा खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

“या महिन्यात प्रबंध गेला नाही, तर तुझी नोकरी पक्की होत नाही,” ते म्हणाले. “यशदीपरावांचा प्लांट बंद झालाय, हे मला माहीत आहे. चौथं प्रकरण काढ. बाकीच्यावर पीएचडी होते. नवी प्रत दे, मी इथे बसून सही करतो.”

“आणि नाही काढलं तर?”

“तर मी सही करू शकत नाही. दुसरा गाईड तुला इथे मिळणार नाही.”

“ही धमकी हाय का, सर?”

“नाही गं. हे रायपूर आहे, इथे सगळे एकमेकांना ओळखतात.”

यशदीप, माझा नवरा, तेव्हाही कुठेतरी मुलाखतीच्या रांगेत होता. दिवाळीपासून घर माझ्याच पगारावर चाललंय. मी लॅपटॉप उचलला आणि आतल्या खोलीत गेले.

दीक्षा उकाड्यानं जागी झाली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती माझ्या मांडीत येऊन बसली, डोकं माझ्या हनुवटीखाली. सगळं प्रकरण एका फटक्यात उडवता आलं असतं. मला ते जमेना. मी एकेक नाव काढत गेले. बाबांच्या मिलपाशी आले आणि तीही काढली.

“मम्मी, काय मिटवून राहिली?”

“नावं.”

“काहून?”

“ह्या कंपन्या बंद पडल्या, बेटा.”

“म्हणजे आउट?”

“हव. आउट.”

तिनं पडद्यावरच्या रिकाम्या चौकटींवर बोट फिरवलं. बाहेरून सरांच्या खोकल्याचा आवाज आला.

“आमच्या शाळेत ना, आउट झालं तरी पुढच्या डावात घेतात,” ती म्हणाली. “यांचा पुढचा डाव कधी हाय, मम्मी?”