वरचा आवाज

अश्विनचा मेसेज गुरुवारी दुपारी आला, तेव्हा ऋता एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसून मतदार यादीचा फॉर्म भरून घेत होती. मास्तरणीला शाळा असते, शाळेच्या वर ही ड्युटी असते, आणि ड्युटी संपली की पुन्हा शाळा असतेच. समोरची म्हातारी आपलं जन्मसाल आठवत होती. एकदा म्हणे चौपन्न, एकदा म्हणे सत्तावन्न, आणि दर वेळी सुनेकडे बघून खात्री करून घेई. तेवढ्यात ऋतानं मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हातारीच्या रकान्यात स्वतःचंच जन्मसाल लिहून बसली. फॉर्म फाडावा लागला.

मेसेज अगदी गोड शब्दांत होता, हीच तर पंचाईत. अश्विननं लिहिलं होतं की ताई, हार्मोनियम सुंदर झालीय, दादांचा ठेकाही सुंदर, पण मूळ चाल कुठे आहे? तुम्ही नुसते खालचे सूर वाजवलेत. सोबत त्यानं मूळ गेमचं संगीत जोडलं होतं आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत दुरुस्त करून मागितलं होतं. नाहीतर अल्बममधली ती जागा रायपूरच्या एकाला जाणार होती.

हा अश्विन नागपूरचा. जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत आपापल्या वाद्यांवर नव्यानं बसवणाऱ्या वेड्यांचा एक ग्रुप तो चालवतो. तीस-पस्तीस माणसं आहेत. कोणी सतारीवर बसवतं, कोणी माऊथ ऑर्गनवर. यातून कोणाला दमडी मिळत नाही, आणि घरचे लोक काय म्हणतात ते न विचारलेलंच बरं. चाली बसवून झाल्या की भांडणं सुरू होतात ती कोणाचा गेमचा सेट भारी यावरून. चाळिशी ओलांडलेली, डोक्यावरचे केस विरळ झालेली माणसं कोणता डबा सरस यावर अशी हमरीतुमरीवर येतात की लहान पोरांनी लाजावं. त्या भांडणातूनच अश्विनला कल्पना सुचली. प्रत्येकानं आपल्या आयुष्यातल्या पहिल्या सेटवरची एक चाल बसवायची, आणि सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढायचा.

ऋता आणि तिचा मोठा भाऊ रजत अकरा वर्षांपासून त्या ग्रुपमध्ये होते आणि आजवर एकाही अल्बममध्ये नव्हते. कधी लाइट जाऊन रेकॉर्डिंग बुडालं, कधी मागून कुकरची शिट्टी आली, कधी नुसतंच 'पुढच्या वेळी बघू'. या वेळी मात्र रजतनं निक्षून सांगितलं होतं. तो मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे डंपरच्या फेऱ्या लिहून घेण्याचं काम करतो, शनिवारी बैहरचा घाट उतरून बालाघाटला येतो आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जातो. शेहेचाळीस वय, मणक्याचं दुखणं, आणि दर शनिवारी तीन तास बसमध्ये आदळत यायचं. ही चाल घेतली तर घेतली, तो म्हणाला होता, नाहीतर कीबोर्ड विकून टाकतो, आता होत नाही.

ऋताला पक्कं ठाऊक होतं की वाजवणं सुटलं की शनिवार सुटेल. आई सहा वर्षांपूर्वी गेली. बाबांशी रजतचं बोलणं म्हणजे औषध घेतलं का, आणि हौ घेतलं. भावाला घरी ओढून आणणारी एवढी एकच गोष्ट उरली होती. ती गेली असती तर त्या घरात ऋता, एकोणऐंशी वर्षांचे बाबा आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच उरले असते. तिला त्याची भीती वाटत होती, सरळच सांगायचं तर.

म्हणून तिनं गुरुवारी रजतला कळवलं नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी संध्याकाळी तो आला, पाय धुतले, चहा घेतला, पाठीला उशी लावून बसला, तेव्हा तिनं फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं मूळ चाल लावली.

आता ही चाल कोणती ते सांगायला हवं. ऋता दहा वर्षांची आणि रजत तेरा वर्षांचा असताना बाबांनी गोंदियाच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा गेमचा सेट आणला होता. नाव-गाव नसलेला, पांढरा डबा, लाल झाकण. सोबत बेचाळीस गेमची एक पिवळी कॅसेट. त्यातला एक गेम नाववाल्याचा. नाव वल्हवायची, मगरी चुकवायच्या, आणि तिसऱ्या टप्प्यात नदीवर संध्याकाळ व्हायची. त्या संध्याकाळी जी चाल वाजायची, ती या दोघांची चाल. खाली उतरत जाणारी, बासरीच्या खर्जासारखी मऊ. कॉलनीतल्या इतर पोरांचे सेट नुसते किंचाळत. आमचा सेट गोड गातो, असं हे दोघं मोठ्या तोऱ्यात सांगत, आणि अजूनही ग्रुपवर सांगत. सेट कधीच भंगारात गेला, पण चाल डोक्यात राहिली.

बाकीच्या चाली बसवताना ही भावंडं मूळ संगीत शंभर वेळा ऐकत, एकेक सूर कागदावर उतरवत. ही मात्र त्यांनी एकदाही तपासली नाही. स्वतःचं नाव कोणी कागदावर बघून लिहितं का?

फोनमधून चाल सुरू झाली आणि रजत सरळ बसला. त्यांची मऊ चाल होती, सूर न् सूर होती, पण तळाशी. तिच्यावर एक बारीक, धारदार, नाचरा आवाज भरभर चालला होता, आणि न सांगता कळत होतं की खरी चाल तीच आहे. यांची चाल त्या आवाजाच्या पायाखालची सतरंजी होती फक्त. दोघांनी ती चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी रजत हसला, आणि ते हसणं काही बरं नव्हतं.

"तीस वर्षं आपण काय ऐकून राह्यलो होतो?" तो म्हणाला.

ऋता म्हणाली की सेटच खराब असेल, गोंदियाचा माल, दुसरं काय. तिनं हे समजूत काढायला म्हटलं, पण तिलाच ते लागलं. ज्या सेटच्या कौतुकात ग्रुपवर पानंच्या पानं भरली, तो निघाला अर्धमुका. आणि आपल्याला पत्ताच नाही. कपाळावर हात मारून घ्यावा की कोणाला न सांगता उशीत तोंड खुपसावं, तिला कळेना.

रजतनं मग जे करायचं ते ठरवून टाकलं. उद्या वरचा आवाज कीबोर्डवर घालायचा, सहाच्या आत पाठवायचं, आणि विषय संपवायचा. घेतली तरी ही शेवटचीच, तो म्हणाला, आता उमेद नाही. मग बाबांना औषधाचं विचारायला आत गेला. ऋता कपबशा उचलत राहिली. दिवसभर पंचवीस घरं चढून-उतरून तिचे पाय भरून आले होते, पण बसवतही नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर बैठकीत सामान मांडलं. बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, असं ते घर. मधल्या खोलीत आईचा पलंग आहे, त्यावर आता बाबा झोपतात. आईला अर्धशिशी होती. महिन्यातले आठ-दहा दिवस ती कपाळाला सुंठेचा लेप लावून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून त्या पलंगावर पडून असायची, आणि बैठकीत ही दोघं नाव वल्हवत बसायची. पण ती कधी एका शब्दानं रागावली नाही, तिनं कधी टीव्ही बंद करायला सांगितलं नाही. शेजारच्या रचनाची आई तर गेम लावला की मेन स्विचच पाडायची. आपला सेटच मऊ, म्हणून आईला त्रास होत नाही, अशी या दोघांची खात्री होती.

रजतनं वरचा आवाज बसवायला दोन तास घेतले. बोटं आखडत होती, पाठ धरत होती, एकच ओळ सात-सात वेळा चुकत होती. शेवटी एकदाची जमली. चार वाजता त्यानं सगळं एकत्र करून मोठ्या स्पीकरवर लावलं. बिनचूक होतं. अश्विननं बोट ठेवायला जागा नव्हती. ऋताला मात्र ते ऐकताना आपल्याच घरात कोणीतरी परका मोठ्यानं बोलतोय असं वाटत होतं. पण अल्बममध्ये जाणं महत्त्वाचं होतं.

तेवढ्यात मधल्या खोलीचा पडदा सरला आणि बाबा दारात आले. झोपमोड झालेली, बनियन चुरगळलेलं. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं तारा जोडण्यात गेलेला माणूस, त्यांचे कान अजून शाबूत आहेत. ते थोडा वेळ उभ्यानं ऐकत राहिले.

"हा वरचा आवाज परत कुठून आला?" त्यांनी विचारलं. "मी त काढून टाकला होता नं."

रजतनं स्पीकर बंद केला. कोणता आवाज, त्यानं विचारलं. बाबा खुर्चीवर टेकले आणि फार काही विशेष नसल्यासारखं सांगू लागले. सेट आणला तेव्हा दुपार होती, पोरं शाळेत होती. नीट चालतो का बघावं म्हणून त्यांनी लावून पाहिला. तो आवाज सुरू होताच उमा, म्हणजे यांची आई, कपाळ धरून खालीच बसली. ते म्हणाले, उद्याच्या गाडीनं परत करून येतो. ती नको म्हणाली. पोरं महिनाभरापासून दिवस मोजत होती. मग त्यांनी डबा खोलला, कोणत्या तारेतून काय येतं ते एकेक करून ऐकलं, आणि किंचाळणारी तार कापून टाकली. उरलेला मऊ आवाज तिला चालला. तिनं स्वतः पलंगावर पडून ऐकून पाहिला, मग हौ म्हणाली.

"आम्हाले काहून नाही सांगितलं?" ऋतानं विचारलं.

"तिनंच सांगू देलं नाही," बाबा म्हणाले. "मनली, पोरांले वाटन आपला सेट खराब आहे."

एवढं सांगून त्यांनी चहाचं विचारलं. ऋता उठली, स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला आणि ओट्याला धरून रडली. अर्धशिशीचे आठ-दहा दिवस, असे कित्येक महिने, आणि पलीकडे पोरांची चाल. ती चाल जगात कोणी ऐकली नव्हती. गेम बनवणाऱ्यांनीही नाही. फक्त त्या घरातल्या चार माणसांनी.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा रजत माइकचा स्टँड उचलून मधल्या खोलीत नेत होता. त्यानं तो पलंगाच्या उशाशी ठेवला, वायर दारातून बाहेर घेतली, पडदा पूर्वी असायचा तसा अर्धा ओढला. मग बैठकीत येऊन कीबोर्डवरचा वरचा आवाज पुसून टाकला. ऋताला काही सांगावं लागलं नाही. तिनं हार्मोनियम पुढे ओढली. एकदाच वाजवलं. मध्ये बाबांच्या कपाचा बशीवर टेकल्याचा आवाज आला, तो तसाच राहू दिला.

सहाला दहा कमी असताना रजतनं ते अश्विनला पाठवलं. खाली एवढंच लिहिलं की आमच्या सेटवर अशीच वाजत होती. अर्ध्या तासानं अश्विनचं उत्तर आलं. चाल ऐकून मन भरून आलं, असं त्यानं लिहिलं होतं, पण मूळ चाल हवीच, बाकीच्यांना लावलेला नियम तुम्हाला कसा सोडू दादा, या वेळी रायपूरवाल्याची घेतो, राग मानू नका.

रजतनं ते वाचून फोन ऋताकडे दिला. तिनं वाचला आणि फोन पालथा ठेवून दिला. कीबोर्ड अजून स्टँडवरच होता. रजत त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ पाठ चोळत बसला होता, आणि ऋता भावाकडे न बघता माइकची वायर गुंडाळत होती. एकदा गुंडाळून झाली, ती सोडून पुन्हा गुंडाळली.

"त्या पिवळ्या कॅसेटात बेचाळीस गेम होते नं?" रजतनं विचारलं.

"हौ."

"अन् तार त एकच कापली होती. म्हंजे सगळ्याइच्या चाली तशाच असतीन. आईनं ऐकल्या तशा."

ऋता म्हणाली, हौ, तशाच असतील.

"मंग माइकचा स्टँड उशाशीच राहू दे," तो म्हणाला. "शनिवारी एक बस अगोदरची पकडतो."