वजन मागं कोणी भरलं?

मला इंजिन नाही, हे आधीच सांगून टाकते. स्टिअरिंग नाही, हॉर्नसुद्धा नाही. मी जीपच्या मागे जोडून ओढायची घरगाडी आहे. आत दोघांचा पलंग, ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात लहानशी मोरी. खाली दोन चाकं. जीप नेईल तिकडे मी जाते आणि चालवणारा चालवील तशी चालते.

असं असताना माझा व्हिडिओ वर्धा जिल्ह्यात घरोघरी पाहिला गेला. त्यात मी हायवेच्या कडेला आडवी पडले आहे आणि एक माणूस ओरडून सांगतोय की ही गाडी म्हणजे मौत का सामान. त्या माणसाने मला त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. माझी बाजू कोणी विचारली नाही, म्हणून आज मीच बोलते. आवाज चढला तर चढू द्या.

माझा जन्म कारंजा घाडग्याचा. नागपूर-अमरावती हायवेला लागून बंडूजींचा कारखाना आहे. तिथे ट्रकच्या बॉड्या बांधतात. कुणा हौशी माणसाने माझा सांगाडा बनवून घेतला आणि मग त्याचा विचार फिरला. मी चाकांवर उघडीच उभी राहिले. माझ्या शेजारी एक जुनी मिनीबस होती. तिच्यातल्या सीटा काढून पलंग, ओटा बसवायचा आणि फिरतं घर करायचं, असं बंडूजींच्या मनात होतं. गिऱ्हाईक आलं की ते आम्हा दोघींना दाखवत. ती इंजिनवाली, मी बिनइंजिनवाली.

एक दिवस नाचणगावचे रूपराव आणि त्यांची बायको आनंदाबाई आले. रूपरावांचं पुलगावात खत-बियाण्यांचं दुकान. आता ते मुलाच्या, रोशनच्या हाती दिलेलं. दोघांना लांब फिरायला जायचं होतं, महिना-महिना. पूर्वी ते एकदा यात्रा कंपनीच्या बसने दक्षिणेला गेले होते. आनंदाबाई समुद्राकडे पाहत जरा कुठे टेकल्या की मॅनेजर शिटी वाजवायचा. त्या शिटीचा राग त्यांच्या मनातून गेलाच नव्हता.

"बस घेऊ," रूपराव म्हणाले. "एकच गाडी. झोप आली, थांबलो, मांगं जाऊन झोपलो. हे मांगं ओढत नेनं म्हनजे झंझट हाय."

"अन् बस बिघडली तं?" आनंदाबाई म्हणाल्या. "घर जाईल गॅरेजमंदी, अन् आपन सडकेवर. गावातल्या बोळीत शिरते का ते? भाजी आनाले बी अख्खं घर घेऊन जाचं का?"

बंडूजींनी दोघांना दोन्हीकडचं सांगितलं. बसमध्ये चालत्या गाडीत माणूस आत बसू शकतो, माझ्यात बसता येत नाही. बस मागे घ्यायला सोपी, मी अवघड. पण मला एखाद्या जागी उभी करून, टेकू लावून, जीप सोडवून कुठेही जाता येतं. आणि माझ्या बाबतीत एक गोष्ट कधी विसरायची नाही. जड सामान पुढच्या बाजूला, चाकांच्या वर आणि त्याच्या पुढे. मागे वजन पडलं की मी शेपूट हलवणार, आणि वेगात शेपूट हलली की जीपलाही आवरत नाही.

आनंदाबाईंनी हे पुन्हा विचारून घेतलं. रूपराव तेव्हा मिनीबसचं स्टिअरिंग फिरवून पाहत होते.

ते दोघं बऱ्याचदा आले आणि दर वेळी तेच भांडण. शेवटी एकदा आनंदाबाई माझ्या उघड्या सांगाड्यावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बस मोठी हाय. ते तुमीच चालवसान. तुमी थांबसान तवा मी थांबीन, तुमी निघा म्हनसान तवा निघीन. जीप मले चालवता येते. तुमी झोपून राह्यले तरी मी जाईन पाहाले."

"मंग असं सांग ना, तुले एकटीले फिराचं हाय."

"हो," त्या म्हणाल्या. "कधी कधी."

रूपरावांनी एकदा बसकडे पाहिलं. मग त्यांनी मलाच घेतलं. मला पत्रा चढला, खिडक्या लागल्या, आरटीओचं पासिंग झालं. त्या दिवसापासून ते भेटेल त्याला सांगू लागले, "ही हिची गाडी. हिची पसंती." मला तेव्हा ते कौतुक वाटलं. आता कळतं, पुढे दोष टाकावा लागलाच तर जागा आधीच करून ठेवलेली बरी, असा काही माणसांचा स्वभाव असतो.

नाचणगावाबाहेर एक पडीक रान आहे. आनंदाबाई तिथे मला मागे घ्यायला शिकल्या. मला उजवीकडे वळवायचं तर जीपचं स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. हे डोक्यात बसायला वेळ लागतो. बांधावर लोक जमायचे. "काकू, उलटं जाऊन राह्यलं ना," म्हणून हसायचे. रूपराव खुर्ची टाकून बसायचे आणि चुकीच्या वेळी "थांब, थांब" म्हणायचे. आनंदाबाई घामाघूम व्हायच्या, उतरून माझ्याभोवती फेरी मारायच्या, पुन्हा जीपमध्ये बसायच्या. एक दिवस त्यांनी मला दोन बाभळींच्या मधून एका दमात मागे घेतलं. बांधावरचं हसणं थांबलं. रूपराव खुर्ची उचलून घरी गेले.

मग सुरू झालं माझं थांबणं. कापूस निघू दे. सोयाबीन विकू दे. भाच्याचं लग्न होऊ दे. मी अंगणात उभी, माझ्यावर ताडपत्री. आनंदाबाई अधूनमधून येऊन ओटा पुसायच्या, शेगडी पेटते का पाहायच्या. बाकीच्यांसाठी मी अडगळ झाले. रोशनच्या बायकोला, जयाला, तेवढी माझी दया यायची. ती आत बसून पुस्तक वाचायची, कारण घरात तिला वाचत बसू देत नसत.

मग कारंज्याला शेतकऱ्यांचा मेळावा भरला. रोशनला तिथे दुकानाचा स्टॉल लावायचा होता. "ही रिकामीच उभी हाय," तो म्हणाला, आणि खताची पोती आणून माझ्या मागच्या दारातून आत टाकू लागला. जया दार धरून उभी होती. आनंदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"रोशन, मांगं नको भरू. सामोर ने. बंडूजीनं सांगतलं हाय, वजन मांगं नाई पाह्यजे."

"सामोर न्याले वाकून जा लागते, आई. मांगचं दार उघडलं का टाकलं."

"ते हलन रस्त्यानं."

रोशनने बापाकडे पाहिलं. रूपराव चहा पीत होते. ते आनंदाबाईंना म्हणाले, "राहू दे. कारंजा काही दूर नाई. तू आत जाय, तुले काय समजते त्यातलं."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी नंतर कितीही तोंड फिरवलं, तरी ते वाक्य हवेत विरून गेलं नाही. माझ्या पत्र्यात ते अजून आहे.

आम्ही निघालो. रोशन चालवत होता, रूपराव बाजूला. आर्वीपर्यंत रस्ता खराब होता म्हणून वेग नव्हता आणि मी कशीबशी सरळ राहिले. तळेगावला हायवेला लागलो आणि रोशनने जीप दामटली. पोत्यांनी माझं बूड खाली दाबलेलं, नाक वर उचललेलं. उतारावर एक ट्रक बाजूने गेला. त्याचा वारा लागला आणि मी हलले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग दर वेळी जास्त. मला थांबता येईना. रोशनने घाबरून जोरात ब्रेक दाबला, आणि मी जीपला सोबत घेऊनच फिरले. जीप कठड्यावर आदळली. मी आडवी झाले.

रूपरावांच्या खांद्याचं हाड मोडलं. रोशनच्या कपाळाला टाके पडले. जीव वाचले. गर्दी जमली. कुणी रूपरावांना धरून बाहेर काढलं, पाणी पाजलं. कुणी मोबाइल काढले. माझं मागचं दार फुटून पोती रस्त्यावर सांडली होती. ती काही लोकांनी उचलून नेली. पुरावा लोकांनी मोटारसायकलवर नेला आणि व्हिडिओत राहिले मी.

क्रेनने मला जवळच्या बंडूजींच्या कारखान्यात आणून टाकलं. मग सुरू झाली ती बोलणी. रूपरावांना भेटायला येणारे नाचणगावात काय बोलतात, ते बंडूजींकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून मला कळायचं. बाईचं ऐकलं म्हणून असं झालं. बस घेतली असती तर असं झालं नसतं. आनंदाबाई चहा घेऊन बाहेर आल्या की लोक गप्प होतात. आणि रूपराव? रूपराव खाटेवर पडून सगळं ऐकतात आणि काही बोलत नाहीत. मला सगळ्यात जास्त राग त्या गप्प राहण्याचा आला. रस्त्यावर ओरडणारा तरी अडाणी होता. यांना सगळं माहीत होतं.

काही आठवड्यांनी रोशन एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाला मी चायनीजच्या ठेल्यासाठी हवी होते. सोबत रूपराव होते, हात झोळीत. सौदा चालू असताना रस्त्यावर एसटी थांबली. आनंदाबाई आणि जया उतरल्या.

"विकाची नाई," आनंदाबाई म्हणाल्या.

"आई, जीव घेणारी गाडी हाय ते," रोशन म्हणाला. "आता बसच घेऊ. बाबा पह्यलेच म्हनत होते."

आनंदाबाई नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमी सांगा. पोते मांगं कोनं भरू देल्ले?"

रूपराव हायवेकडे पाहू लागले. एक टँकर गेला. एक लक्झरी गेली. मला हात असते तर मी त्या माणसाचा चेहरा धरून बायकोकडे वळवला असता.

तेव्हा जया बोलली. "मी दार धरून होती. आई सांगून राहिल्या होत्या, सामोर भर म्हनून. मी ऐकलं."

"तू मधात नको बोलू," रोशन म्हणाला.

"मंग कोन बोलन? आईले सारं गाव बोलून राह्यलं अन् तुमी दोघं ऐकून राह्यले."

चायनीजवाला हळूच निघून गेला. रोशन जयाशी बोलायचा थांबला, तो कितीतरी दिवस. आनंदाबाईंनी बंडूजींना एवढंच सांगितलं, "दुरुस्त करा. डाग राहू द्या, पन चाकं अन् जोड पक्का करा."

बंडूजींनी मला उभं केलं. डाव्या बाजूचा पत्रा आजही चेपलेला आहे.

पुढे जीप नीट झाली आणि एका सकाळी आनंदाबाईंनी मला जोडलं. डाळ, तांदूळ, पाण्याचे कॅन, सगळं त्यांनी स्वतः पुढच्या बाजूला रचलं. रूपराव अंगणात येऊन उभे राहिले. "मी बी येतो," म्हणाले. आनंदाबाईंनी डावीकडचं दार उघडून दिलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. वर्धा गेलं, हिंगणघाट गेलं, तरी दोघांत शब्द नाही.

वडनेरजवळच्या ढाब्यावर जेवायला थांबलो. आनंदाबाई हात धुवायला गेल्या. शेजारी एक तरुण जोडपं उतरलं, आदेश आणि दिपाली. दोघं सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला. त्यांनाही अशी गाडी घ्यायची होती, आणि बस की ट्रेलर यावर त्यांचं घरी रोज वाजत होतं. आदेश माझ्या चेपलेल्या पत्र्याकडे पाहत राहिला. मग त्याने मोबाइल काढला.

"काका, ही तीच का?" त्याने व्हिडिओ लावला. मौत का सामान, असं तो माणूस पुन्हा ओरडला. "मी हिला हेच दाखवत होतो. ट्रेलर नकोच."

दिपाली म्हणाली, "अपघात झाला कशानं पण, ते तर यात नाहीच."

रूपरावांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मला वाटलं, आता हे पुन्हा रस्त्याकडे पाहतील.

"गाडीची चूक नाई," ते म्हणाले. "पोते मांगं भरले होते. हिनं मना केलं होतं. मी म्हनलं, राहू दे. तुले काय समजते म्हनलं मी तिले."

आनंदाबाई मागे उभ्या होत्या. हात ओलेच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, त्या रडतील किंवा हसतील. त्यांनी पदराला हात पुसले, मोबाइल काढला आणि नंबर लावून नवऱ्यापुढे धरला.

"परक्याले सांगतलं. बरं केलं. आता हेच रोशनले सांगजा. अन् जयाले बी द्या म्हना फोन. माह्यासाठी तिनं ऐकून घेतलं."

"घरी गेल्यावर सांगतो ना."

"घरी जाले महिना हाय."

रूपरावांनी फोन घेतला. पलीकडून रोशनचा आवाज आला. ते उठून माझ्या चेपलेल्या बाजूला आले, पत्र्याला टेकले, आणि बोलू लागले. सुरुवातीला अडखळले. मग त्यांनी सगळं सांगितलं, चहाच्या कपापासून. शेवटी म्हणाले, "जयाले दे." आणि तिलाही तेच सगळं पुन्हा सांगितलं.

मी सध्या त्याच ढाब्याच्या कडुनिंबाखाली उभी आहे. आत भाताला आधण आलं आहे. उद्या वर्धा नदी ओलांडून आम्ही आणखी दक्षिणेला जाऊ.

माझा राग अजून गेलेला नाही. तो व्हिडिओ अजून फिरतोच आहे. तुम्ही बस घ्या किंवा माझ्यासारखी घ्या, माझं त्यात काही म्हणणं नाही. फक्त घरात ज्या माणसाने नीट विचारून, शिकून घेतलं आहे, त्याला "तुले काय समजते" म्हणून आत पाठवू नका. आणि पाठवलंच, तर चूक कबूल करायला बायकोने नंबर लावून फोन पुढे धरेपर्यंत थांबू नका.