छपाईघरातला म्हातारा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण घानातल्या क्पांडोजवळच्या आमच्या नर्सिंग शाळेत मला कुणी संगणक म्हणत नाही, 'म्हातारा' म्हणतात. मला त्याचा मुळीच राग नाही. भंगारात जायच्या वयात मला काम मिळालं, आणखी काय हवं?

माझा पडदा फुटला तेव्हा मला जिन्याखाली टाकलं होतं. दोन वर्षं माझ्या डोक्यावर बादल्या नांदल्या. वर मात्र रोज तमाशा चाले. शाळेत प्रिंटर एकच, तोही रजिस्ट्रार तामाक्लो साहेबांच्या खोलीत. ज्याला कागद छापायचा तो पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या दारात उभा. साहेब अक्प्ले खायला बसले की सगळी शाळा खोळंबायची.

मग संगणक शिकवायला सेफाकोर मॅडम आल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, पोटातली धूळ फुंकली आणि माझ्यापासून सहा खोल्यांपर्यंत तारा ओढल्या. आता जो तो आपल्या टेबलावरून कागद माझ्याकडे धाडायचा आणि मी ते आले त्या क्रमाने प्रिंटरला द्यायचो. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. साहेब तेवढे म्हणायचे, भंगाराला मुकुट घातलाय, बघू किती दिवस टिकतो ते.

एका गुरुवारी ती वेळ आली. बासष्ट मुलींचे परवान्याच्या परीक्षेचे अर्ज छापून बाराच्या ट्रोट्रोने अक्राला न्यायचे होते. त्या दिवशीची ती शेवटची गाडी. ती चुकली तर अर्जांची मुदत टळून मुलींचं वर्ष बुडणार. आणि नेमकी दहाला वीज गेली.

साडेदहाला ती परत आली, पण कागद एकही निघेना. लोक बटणं दाबून दाबून थकले. मी जागा होतो मित्रांनो, पण कुणाची हाकच माझ्यापर्यंत पोचत नव्हती! मॅडमनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. तारांच्या जाळ्यात मला एक क्रमांक होता. वीज गेली-आली तरी इतके दिवस नशिबाने तोच परत मिळायचा. आज तो बदलला होता आणि सगळे जुन्याच क्रमांकावर कागद धाडत होते.

"चूक याची नाही, माझी आहे," मॅडम साहेबांना सरळ म्हणाल्या. "इथं वीज रोज जाते. तरी मी याला कायमचा क्रमांक दिला नाही."

तो त्यांनी तिथल्या तिथं दिला आणि मी कामाला लागलो. पण रांगेत पहिलं कोण? तर कारकून एलिक्लेमदादांच्या काकांची अंत्यविधीची पुस्तिका, शंभर प्रती. वीज जाण्याआधीच त्यांनी ती धाडली होती. शनिवारी काकांना माती द्यायची होती, पाहुणे चार गावांतून येणार होते, आणि पुस्तिकेशिवाय आमच्याकडे माणसाची पाठवणी नीट झाली असं कुणी मानत नाही. प्रिंटरची शाई संपत आली होती. दोन्हींपैकी एकच काम उरकलं असतं. मॅडमचा हात कळफलकावर थबकला. गेलेल्या माणसाला मागं कसं ढकलायचं?

एलिक्लेमदादा पुस्तिकेचं पहिलं पान हातात धरून उभे होते. काकांच्या फोटोकडे बघत ते म्हणाले, "काकांना आता कुठली घाई, मॅडम? पोरींची गाडी निघून जाईल. त्यांना पुढं घ्या."

शेवटचा अर्ज निघाला तेव्हा बाहेर ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. गठ्ठा घेऊन तामाक्लो साहेब स्वतःच गाडीत चढले. शुक्रवारी दुपारी परतले ते बगलेत शाईचा डबा घेऊन. अर्ज पोचले होते, बासष्टच्या बासष्ट.

त्याच संध्याकाळी पुस्तिका छापल्या. त्याआधी एलिक्लेमदादांनी आभाराच्या पानात एक ओळ वाढवली होती. गावप्रमुख, पाद्री, गाणारी मंडळी, आणि सगळ्यांच्या खाली, 'आमच्या छपाईच्या म्हाताऱ्याचे'. ते पान माझ्याच पोटातून गेलं, मित्रांनो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुमच्याही जिन्याखाली कुणी पडलं असेल, तर टाकून देण्याआधी एकदा धूळ पुसून बघा. मी हे उगाच सांगत नाही. तामाक्लो साहेबांनी ती ओळ वाचली, खिशातून आपला इस्त्रीचा रुमाल काढला आणि माझी पाठ पुसली.